ला कॉन्फ्युझिओं

आमादू आणि मरियम या माली देशातील अंध गायक-दांपत्याचा २०१७ मध्ये ‘बिकॉज म्युझिक’ या फ्रेंच संस्थेने प्रसिद्ध केलेला अल्बम. आमादू बागायोको (१९५४–२०२५) यांच्या हयातीत निघालेला या जोडीचा हा अखेरचा स्टुडिओ अल्बम होय. निर्मितीत फ्रेंच निर्माते आद्रियां द्युरां यांचा प्रमुख वाटा असून बांबारा (मालीतील एक प्रमुख भाषा) व फ्रेंच गीतांना सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याची आणि डिस्कोच्या वळणाच्या ठेक्याची जोड दिलेली आहे.

समीक्षकांनी अल्बमचे स्वागत सामान्यतः अनुकूल केले. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र गटांच्या ताब्यात गेला व तेथे संगीतावरच बंदी आली. अल्बमच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘गोंधळ’ असा असून तो गोंधळ या अस्थिर काळाचा आहे. चिंतेचे शब्द आणि पाय थिरकवणारी चाल यांतील विसंगती हेच परीक्षणांचे मुख्य सूत्र राहिले. ‘बोफू सफू’ हे गाणे मात्र कामापेक्षा नाचात रमणाऱ्या तरुणांची थट्टा करते, त्यामुळे तेथे ही विसंगती शोधण्याचे कारण नाही.

नृत्यसंगीताचा हा अंश जोडीच्या गाण्यात केव्हा आला, याविषयी एकमत नाही. बहुधा तो २००८ च्या ‘वेलकम टू माली’मधील ‘साबाली’ या गाण्यापासून मोजतात. त्याची निर्मिती इंग्रज संगीतकार डेमन अल्बार्न यांची असून मरियम दुंबिया यांचा स्वर त्यात इलेक्ट्रॉनिक सुरावटींवर तरंगत राहतो. काही जण फ्रेंच गायक-संगीतकार मानू चाओ यांनी निर्मिलेल्या ‘दिमांश आ बामाको’पर्यंत (२००४) मागे जातात. दोन्ही मतांत नृत्याचे श्रेय युरोपीय निर्मात्यांकडे जाते. परंतु १९७० च्या दशकात, साधारणतः १९७४ पासून, आमादू ‘लेझांबासादर द्यु मोतेल’ या वाद्यवृंदात गिटार वाजवीत होते आणि मालीची राजधानी बामाको येथील मोटेलात पाहुण्यांना नाचवणे हेच त्या वृंदाचे काम होते. क्यूबन तालांचा पाया मालीत त्याही आधी पडला होता; १९६० च्या दशकात सरकारने तरुण वादकांना शिक्षणासाठी क्यूबाला पाठविले होते. सिंथेसायझरही परका नव्हता, कारण त्याच वृंदातून पुढे आलेले मालीचे गायक सालिफ केइता यांनी ‘सोरो’ (१९८७) या अल्बममध्ये त्याचा सढळ वापर केला होता. त्यामुळे २०१७ च्या ध्वनीला नवे वळण म्हणण्यापेक्षा जुन्या व्यवसायाचे नव्या वाद्यांवरील रूप मानणे अधिक ग्राह्य वाटते.

आधीच्या ‘फोलिला’त (२०१२) पाहुण्या कलावंतांची गर्दी झाली होती, त्या तुलनेत येथे जोडीचे स्वर आणि आमादू यांची गिटार पुन्हा मध्यभागी येतात. तरीही त्यांच्या अल्बमांत अग्रमान आजही ‘दिमांश आ बामाको’लाच दिला जातो.