रक्तस्रावजन्य अवसाद

रक्तस्रावजन्य अवसाद : अतिरक्तस्रावामुळे ऊतकांना ऑक्सिजन अपुरा पडून उद्‌भवणारी प्राणघातक अवस्था. रुग्णालयात हिला सर्रास ‘शॉक’ म्हणतात. प्रौढात वजनाच्या दर किलोग्रॅममागे सु. ७० मिलि. रक्त असते. त्यातील जवळजवळ ३० टक्के गेले तरी वरचा रक्तदाब बहुधा टिकून राहतो. म्हणून जलद नाडी, गार हातपाय, घटलेली लघवी व रक्तातील लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडल्यावर साचणारे द्रव्य) यांवर भिस्त ठेवणे इष्ट.

कारणमीमांसेबाबत दीर्घकाळ मतभेद होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक कॅनन व ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक बेलिस यांनी चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्याला दोष दिला. १९३० च्या सुमारास अमेरिकन शल्यचिकित्सक ब्लेलॉक यांनी प्रयोगांती दाखविले की, जखमी भागात झिरपलेले रक्त व द्रव एवढे कारण पुरेसे आहे. हेच मत आज ग्राह्य धरतात. तथापि लांबलेल्या अवसादात मृत पेशींतील द्रव्यांमुळे दाह भडकतो, हे पाहता पहिले मत अगदीच निराधार नव्हते. रक्तस्राव थांबण्याआधी रक्तदाब चढवू नये, हा कॅनन यांचा १९१८ मधील इशारा मात्र सलाइनच्या बाटल्यांच्या काळात मागे पडला. धडावरील भेदक जखमांसंबंधीच्या १९९४ मधील ह्यूस्टन येथील अभ्यासानंतर तो पुन्हा चर्चेत आला. डोक्याला मार असल्यास तो लागू करीत नाहीत.

शस्त्रक्रियेने वा अन्य मार्गाने रक्तस्राव थांबविणे हाच मुख्य उपचार. सोबत तांबड्या पेशी, प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) व बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणारे कण; प्लेटलेट) समप्रमाणात देण्याकडे कल आहे. ट्रॅनेक्झामिक अम्ल (रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध) अपघातानंतर ३ तासांच्या आत द्यावे (जखमी रुग्णांवरील क्रॅश–२ चाचणी, २०१०–११). पिशवीतील रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट रुग्णाच्या रक्तातील, गोठण्यास आवश्यक असे कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून कॅल्शियमही देतात. शरीर गार पडले की रक्त नीट गोठत नाही; नागपूरच्या मे महिन्यातही असा रुग्ण उबदार पांघरुणात ठेवतात, रक्तही कोमट करून चढवितात.

नागपुरात राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ एकमेकांस मिळतात. २०२२ पासून समृद्धी महामार्गाची भर पडली. गंभीर जखमी बहुधा ‘मेडिकल’मध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९४७) किंवा ‘मेयो’त (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) येतात. विदर्भातील सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक विकार) रुग्णांनाही वेळोवेळी रक्त लागत असल्याने रक्तपेढ्यांवर दुहेरी भार असतो. नातेवाइकांकडे बदली रक्तदाते (दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारे) मागण्याची प्रथा या प्रसंगी फारशी उपयोगी नाही. नव्या पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब व क, उपदंश (सिफिलिस) आणि हिवताप यांसाठी तपासणी होईपर्यंत ती देता येत नाही, त्यामुळे रुग्णाला आधीच तपासून ठेवलेला साठाच लागतो.