इंजिनिअरिंगसाठी बारावीचं गणित : अट आली कुठून, सैल झाली कशी

बारावीच्या निकालाच्या आसपास दरवर्षी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) घेतलं होतं, गणित सोडलं होतं, आता इंजिनिअरिंगला जाता येईल का? 2021 पर्यंत याचं उत्तर 'नाही' एवढंच होतं. त्यानंतर ते 'कागदावर हो, पण...' असं सुरू होतं. हा 'पण' समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. 1857 मध्ये मुंबईत विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा मॅट्रिक हीच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती आणि गणित तिच्यातच होतं. खरी उलथापालथ झाली ती दहा-दोन-तीनच्या (दहावी, मग बारावी, मग तीन वर्षांची पदवी) आकृतिबंधाने. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा 1975 ला आणि बारावीची 1977 ला झाली. त्याआधी अकरावीची मॅट्रिक होऊन पोरं कॉलेजात जायची, इंटर सायन्स (कॉलेजचं दुसरं वर्ष) करायची आणि मग इंजिनिअरिंगला अर्ज भरायची. म्हणजे कॅल्क्युलसशी (बदलाचा दर मोजणाऱ्या गणिताशी) पहिली गाठ कॉलेजातल्या प्राध्यापकापुढे पडायची. नव्या रचनेत तोच भाग अकरावी-बारावीत आला, बोर्डाच्या परीक्षेला लागला आणि क्लासवाल्यांच्या ताब्यात गेला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित, ज्याला सगळे 'एम-वन', 'एम-टू' म्हणतात, ते 'एवढं येतंच' असं धरून पुढे सरकू लागलं. बारावीला गणित हवंच, ही अट अशी अभ्यासक्रमाच्या पोटातच होती.

1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि जागा वाढत गेल्या. प्रवेशाचं गणितही बदलत राहिलं. 2014 आणि 2015 ही दोन वर्षं केंद्राच्या परीक्षेवर प्रवेश झाले, 2016 ला राज्य पुन्हा स्वतःच्या सामायिक प्रवेश परीक्षेकडे, म्हणजे सीईटीकडे वळलं. या सीईटीत 200 पैकी 100 गुण गणिताचे : 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, साधारण 20 टक्के अकरावीवर आणि उरलेले बारावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि पात्रतेसाठी लागतात शून्यापेक्षा जास्त गुण, बस्स. नामांकित कॉलेजात पर्सेंटाइलच्या दशांशावर मारामारी, तर जागा रिकाम्या राहणाऱ्या कॉलेजात एखादं उत्तर बरोबर आलं तरी चालतं. म्हणजे 'सीईटी गणिताची चाळणी लावते' हे अर्ध्याच कॉलेजांपुरतं खरं मानायचं.

आता 2021 चा निर्णय. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने (एआयसीटीई) त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पुढच्या वर्षासाठीची नियमपुस्तिका काढली. तोपर्यंत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं होतं. नव्या पुस्तिकेत 14 विषयांची यादी आली आणि त्यांतले कोणतेही तीन घेऊन 45 टक्के (राखीव प्रवर्गासाठी 40) असले की पात्र. यादीत जीवशास्त्र होतं, शेती होती, बिझनेस स्टडीजसुद्धा होतं. ज्यांचं गणित झालेलं नाही त्यांच्यासाठी विद्यापीठांनी ब्रिज कोर्स (राहिलेला भाग भरून काढणारा छोटा अभ्यासक्रम) घ्यावा, असंही त्यात होतं.

गदारोळ व्हायचा तो झालाच. मग संस्थेचा खुलासा आला : गणिताचं महत्त्व कमी केलेलं नाही, ही मोकळीक आहे, सक्ती नाही, राज्यांनी आणि संस्थांनी आपापलं ठरवावं. टेक्स्टाइल, अॅग्रिकल्चर, बायोटेक्नॉलॉजी अशा शाखांची उदाहरणं दिली गेली. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण शाखेनुसार सूट द्यायची होती तर ती पहिल्याच दिवशी शाखेनुसार लिहिता आली असती. सरसकट दार उघडायचं आणि ओरड झाल्यावर 'सगळ्यांसाठी नाही' म्हणायचं, यामुळेच रिकाम्या जागा भरण्यासाठी हे चाललंय, असा संशय बळावला. पुढच्या वर्षी आर्किटेक्चर, फॅशन, पॅकेजिंग अशी नावं घेऊन सवलत मांडली गेली. हे आधीच करायला हवं होतं.

या सगळ्या वादात एम-वनचा पेपर मात्र कुणी उघडून पाहिला नाही. पार्शल डिफरन्सिएशनचं प्रकरण घ्या. एक्स आणि वाय दोन्ही असलेलं फंक्शन, वाय स्थिर धरून एक्सच्या अनुषंगाने डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढायचं, मग उलट, आणि तिथून होमोजिनियस फंक्शनवरचं ऑयलरचं प्रमेय. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस होतं हे ज्याच्या हातात बसलेलं नाही, तो दुसऱ्या तासालाच बाहेर पडतो. बारावीपर्यंत दोन वर्षं घोटलेलं हे गणित भरून काढायला ब्रिज कोर्सला वेळ कुठून मिळणार? याच संस्थेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम होता, पण त्यात मूल्यशिक्षण, व्यायाम, कला, भेटी असं बरंच काही बसवायचं होतं. त्याच अभ्यासक्रमाने कॉम्प्युटर शाखेसाठी एम-वनची वेगळी मांडणी सुचवली होती. पेपर शाखेप्रमाणे बदलू शकतो, हे तेव्हाच मान्य झालं होतं.

गंमत म्हणजे हाच प्रयोग कॉमर्सने गाजावाजा न करता वर्षानुवर्षं केला. अकरावीला 'एसपी की मॅथ्स' असा पर्याय, आणि बरीच मुलं सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेऊन गणिताला रामराम ठोकतात. तरी मुंबई विद्यापीठात एफवायबीकॉमला (बीकॉमच्या पहिल्या वर्षाला) गणित-संख्याशास्त्राचा पेपर सगळ्यांना सक्तीचा होता. त्यात डेरिव्हेटिव्हही होतं, पण साध्या सूत्रांपुरतं आणि मार्जिनल कॉस्ट, मागणीची लवचीकता अशा उपयोगांसाठी. बरोबर शेअर्स, व्याज, अॅन्युइटी. केट्या (नापास होऊन पुन्हा द्यायचे पेपर) तिथेही लागायच्या, पण बारावीला गणित नसलेला मुलगा समोर आहे हे धरूनच पेपर आखलेला होता.

खालच्या पायरीवरही हेच चाललं आहे. राज्य बोर्डाच्या दहावीला 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय होता. तो घेतलेल्यांना पुढे सायन्स बंद. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तो पर्याय गेला. केंद्रीय बोर्डाने (सीबीएसई) मात्र 2020 च्या दहावीपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर सुरू केले. मूळ नियमाप्रमाणे बेसिकवाल्यांना अकरावीत गणित नव्हतं, कोविडच्या काळात त्यातही सूट मिळाली. 2024 मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानाची पासाची रेषा 35 वरून 20 वर आणण्याची तरतूद आली. ती 20 वर पास होणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर, त्याला पुढे गणित-विज्ञानाशी संबंधित अभ्यासक्रम घेता येणार नाहीत, असा शेरा पडायचा आहे.