‘द टेल-टेल हार्ट’ : ‘मॉरल’ वेडाचा गुंता

एडगर अ‍ॅलन पोच्या या कथेत निवेदक एका म्हाताऱ्याचा त्याच्या डोळ्यापायी खून करतो, प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली लपवतो आणि पोलिसांसमोर ते हृदय धडधडताना ऐकू आल्याने कबुली देऊन टाकतो. फळ्यांखालचं हृदय म्हणजे खुन्याचं टोचणारं मन, एवढं सांगून ही कथा बहुधा संपवली जाते. मूळ मजकुरात मात्र अपराधभाव किंवा पश्चात्ताप या अर्थाचा एकही शब्द नाही. निवेदकाचा हेका एकच: मी वेडा नाही. पुरावा म्हणून तो आखणी पुढे करतो. सात रात्री मध्यरात्री दार हळूच उघडणं, झाकलेल्या कंदिलाची एकच तिरीप डोळ्यावर सोडणं, आठव्या रात्री खून, रक्त टबात, प्रेत तीन फळ्यांखाली, चारच्या ठोक्याला सगळं आवरलेलं.

‘आखणी करतो तो शहाणा’ हा युक्तिवाद कोर्टातून आलेला आहे. १७२४च्या एका इंग्लिश खटल्यात आरोपी जंगली जनावराइतका बेभान असेल तरच वेडाच्या आधारावर सुटका, असं मानलं गेलं. १८३५मध्ये एका इंग्लिश डॉक्टरने ‘मॉरल इन्सॅनिटी’ हे निदान मांडलं आणि घोळ सुरू झाला. ‘नैतिक वेड’ असं भाषांतर केलं की फसगत होते. त्या काळच्या वैद्यकात ‘मॉरल’ म्हणजे भावना, ओढी, स्वभाव यांच्याशी संबंधित. बुद्धी शाबूत, भावना बिघडलेल्या, असं ते दुखणं. व्याख्येत आणखी एक अट होती, ती समीक्षक सर्रास विसरतात: भास नसले पाहिजेत. आपला निवेदक तर नरकातलेही आवाज ऐकतो! म्हणजे आखणीपुरता तो या निदानात बसतो, कानांमुळे बाहेर पडतो. कथेची खरी ताकद या न बसण्यातच आहे.

लेखकाला हा वाद ठाऊक होता. मुलीचा खून करून वेडाच्या आधारावर सुटलेल्या बापाच्या खटल्यावर त्याने १८४०मध्ये फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकात लिहिलं होतं. आरोपीचा थंडपणा हे शहाणपणाचं नव्हे, वेडाचंच लक्षण असू शकतं, हा त्यातला मुद्दा.

कथा जानेवारी १८४३मध्ये बोस्टनच्या एका मासिकात आली. त्याच महिन्यात लंडनमध्ये पंतप्रधानांच्या खासगी सचिवावर गोळी झाडली गेली, आरोपी वेडाच्या आधारावर सुटला आणि जूनमध्ये न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली: कृत्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं असल्याचं आरोपीला कळत होतं का? भावनांच्या बिघाडाला त्यात जागाच उरली नाही. आपल्या दंड संहितेचं कलम ८४ याच कसोटीवरून आलं. आता न्याय संहितेत ते कलम २२ आहे. प्रेत लपवणाऱ्याला कृत्य चुकीचं आहे हे कळत होतं, असंच सरकारी वकील म्हणेल. शिवाय वेड दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो, आणि हा गडी शहाणपण सिद्ध करायला धडपडतोय.