आठ तारा आणि पाचव्या बिटाची किल्ली

पॅरलल पोर्ट, म्हणजे संगणकाला प्रिंटर जोडायची जुनी खाच, इतिहासजमा झाला, असं म्हणणाऱ्यांनी यंत्रांच्या पोटात बसणारे छोटे संगणक-बोर्ड पाहावेत. जुन्या धाटणीच्या कित्येक बोर्डांवर तो अजून असतो. प्रिंटरसाठी क्वचितच, रिले (विजेने चालणारे स्विच) ओढायला, दिवे लावायला, स्विच वाचायला.

मी त्याच्या आठ डेटा तारांवरून, म्हणजे पिन २ ते ९ वरून, बाहेरचे संकेत आत घ्यायला निघालो. काहीही जोडा, वाचल्यावर मीच आधी लिहिलेला आकडा परत यायचा. केबल बदलली, बोर्ड चारदा बंद-चालू केला. ‘मशीनचा मूड नाही’ म्हणणारेही भेटले. मशीनला मूड नसतो, रजिस्टर असतात, म्हणजे चिपमधले आकडे ठेवायचे छोटे कप्पे.

प्रत्येक कप्प्याला पत्ता असतो. पोर्टचा नेहमीचा पत्ता ८८८. तिथे डेटा, ८८९ वर प्रिंटरकडून येणारी स्थिती, ८९० वर नियंत्रण. बायॉसने (संगणक सुरू होताना हार्डवेअर लावून देणाऱ्या प्रोग्रामने) पोर्ट ६३२ वर बसवला असेल, तर सगळं तिथून मोजायचं. १९८१ च्या आयबीएम पीसीत डेटाच्या तारा फक्त बाहेर बोलण्यासाठी होत्या. दुतर्फा बोलण्याच्या पद्धती आयईईई १२८४ या मानकात एकत्र आल्या, त्या १९९४ मध्ये.

आता खरी गंमत. प्रत्येक तारेमागे ढोबळमानाने दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले इवलेसे स्विच, असतात. वरचा चालू झाला की तार ५ व्होल्टकडे ओढली जाते, खालचा चालू झाला की शून्याकडे. एक ना एक कायम चालू, म्हणजे तार कधी मोकळीच नाही. तिच्यावर बाहेरून संकेत आणला तर दोघांची रस्सीखेच होते. बाहेरचा क्षीण असेल तर हरतो, दांडगा असेल तर चिप तापते. मधे प्रवाह आवरणारा रेझिस्टर घालतात तो यासाठीच. ऐकायचं असेल तर दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम बंद हवेत. शून्यही नाही, एकही नाही, अशी ही तिसरी अवस्था. आणि तिची किल्ली म्हणजे ८९० मधला पाचवा बिट, म्हणजे शून्य किंवा एक धरणारी पाचवी जागा (मोजणी शून्यापासून), किंमत ३२. तो एक केला की चिप तारा सोडून देते आणि ८८८ वाचलं की बाहेरचं जग दिसतं.

मी तो एक केला होता. तरी काही नाही! कारण बायॉसमध्ये पोर्ट ईसीपी या जलद, दुतर्फा प्रकारात होता. त्या प्रकारात आणखी एक रजिस्टर असतं, मूळ पत्त्याच्या १०२६ घरं पुढे, म्हणजे १९१४ वर. त्याचे वरचे तीन बिट ठरवतात की पोर्ट सध्या कोणत्या चालीत आहे. ते ००० असतील तर चाल साधी, आणि दिशेच्या बिटाला कुणी विचारत नाही. ००१ हवेत. तिथे ५२ (बिटांत ००११०१००) लिहिलं, मग ८९० मधला तो बिट पुन्हा एक केला, आणि स्विच दिसायला लागला. केबल पहिल्यापासून ठणठणीत होती.

फक्त पाचच संकेत आत घ्यायचे असतील तर एवढा खटाटोप नको, ८८९ वरच्या पाच तारा मुळातच आत येणाऱ्या आहेत. मात्र त्यातली पिन ११ उलटी वाचली जाते: ५ व्होल्ट दिले की शून्य. पाचही पिनांवर ५ व्होल्ट असताना त्यांच्या बिटांच्या किमतींची बेरीज २४८ नव्हे, १२० येते (पिन ११ चे १२८ गळतात). खालचे तीन बिट सोडून द्यायचे, त्यांत काहीही असू शकतं.