कार्पल टनेल सिंड्रोम

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस असलेल्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह ही नस दाबली गेल्यामुळे हाताला मुंग्या, बधिरपणा, वेदना आणि कालांतराने दुबळेपणा येण्याचा विकार. नस दबून होणाऱ्या विकारांत हा सर्वाधिक आढळतो. प्रौढांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के लोकांना तो होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त, आणि बहुतेकदा ४० ते ६० या वयात. सुरुवातीला त्यावर साधे उपाय पुरतात. उशीर झाला, तर शस्त्रक्रियेनंतरही हात पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून या विकारात लक्षणांचा क्रम ओळखता येणे हे औषधांच्या नावांपेक्षा महत्त्वाचे आहे.

रचना आणि दाब

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. तळव्याच्या बाजूने त्यांची खोलगट कमान होते आणि तिच्या दोन टोकांना जोडणारा जाड, आडवा अस्थिबंध बोगद्याचे छत बनतो. आतून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर) जातात: चार बोटांच्या प्रत्येकी दोन आणि अंगठ्याची एक. त्यांच्यासोबत, छताला अगदी लागून, मीडियन नर्व्ह असते. हाडे हलत नाहीत, छत फारसे ताणत नाही. त्यामुळे कंडरांभोवतीचे आवरण थोडेसे जरी सुजले किंवा घट्ट झाले, तरी त्याचा भार सर्वांत मऊ घटकावर, म्हणजे नसेवर पडतो.

हा दाब मोजता येतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत निरोगी मनगटातील दाब सरळ स्थितीत सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता. रुग्णांमध्ये तो ३२ भरला. रुग्णांनी मनगट आत वाकवल्यावर तो ९४ आणि मागे वाकवल्यावर ११० पर्यंत गेला. रात्री मनगटाला बांधायच्या पट्ट्यापासून कामाच्या पद्धतीपर्यंत मनगट सरळ ठेवण्याचा सल्ला सतत का दिला जातो, ते या आकड्यांवरून स्पष्ट होते.

दाबामुळे आधी नसेतील सूक्ष्म रक्तप्रवाह मंदावतो आणि नसेला सूज येते. दाब चालू राहिला की नसेच्या तंतूंवरील आवरण झिजते आणि संदेश सावकाश जाऊ लागतात. शेवटी तंतूच नष्ट होतात. पहिल्या दोन अवस्थांतून नस बरीच सावरते. तिसऱ्या अवस्थेत तंतूंना नव्याने वाढावे लागते, आणि ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर इतकी संथ असते.

लक्षणे

मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अंगठ्याकडील अर्ध्या भागात येतात. करंगळी सुटते, कारण तिची नस या बोगद्यातून जात नाही. तळव्याच्या अंगठ्याकडील फुगीर भागाची संवेदनाही सहसा शाबूत राहते, कारण तिथे जाणारी शाखा बोगद्याच्या आधीच वेगळी होऊन छतावरून जाते. प्रत्यक्षात अनेक रुग्ण ‘सगळा हातच बधिर होतो’ असे सांगतात. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत आहेत, हे त्यांनी पुढच्या वेळी जागेपणी लक्ष देऊन पाहिले, तर निदान निम्मे सोपे होते.

विकाराची खरी ओळख रात्री पटते. झोपेत मनगट नकळत मुडपलेले राहते, आडवे झाल्यावर हातातील द्रवही वेगळ्या रीतीने पसरतो आणि बोगद्यातील दाब वाढतो. माणूस बधिर हाताने जागा होतो, हात झटकतो, पलंगाच्या कडेवरून खाली सोडतो आणि थोड्या वेळात बरे वाटते. झटकल्याने मिळणारा हा आराम निदानाला पुष्टी देणारा मानतात. दिवसा फोन कानाला धरून ठेवताना, वाहन चालवताना किंवा पुस्तक हातात धरून वाचताना तोच त्रास होतो. वेदना कधी कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत चढते.

यानंतरचा टप्पा फसवा आहे. मधूनमधून येणाऱ्या मुंग्यांची जागा कायमची बधिरता घेते. ठणका कमी होतो, झोप लागते आणि आजार बरा झाला असा समज होतो. वस्तुतः नस संदेश द्यायचे थांबवत असते. गुंडी लावताना बोटे चाचपडतात, हातातील वस्तू निसटतात, बरणीचे झाकण उघडत नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो. दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिल्यास एका बाजूचा फरक घरच्या घरी दिसतो. तो दिसला तर थांबू नये.

कारणे

अनेकांत एकच नेमके कारण सापडत नाही. जन्मतः अरुंद बोगदा आणि घरातील इतरांना असलेला त्रास यांचा वाटा मोठा आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, लठ्ठपणा आणि मनगटाचे अस्थिभंग यांमुळे धोका वाढतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, अंगावर सूज आल्याने लक्षणे उद्भवतात आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतात. दोन्ही हातांना त्रास असेल तर साखर आणि थायरॉइड तपासून घेणे योग्य. उतारवयात दोन्ही मनगटांत झालेला हा विकार क्वचित अॅमिलॉइडोसिसची (शरीरात सदोष प्रथिने साचण्याच्या आजाराची) पहिली खूण असतो, आणि हृदयावरील परिणाम काही वर्षांनी दिसतो.

संगणकाला मात्र वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. कीबोर्ड आणि या विकाराचा संबंध दाखवणारा पुरावा कमकुवत आहे. जोर लावून पुन्हापुन्हा मूठ आवळावी लागणारी कामे आणि हादरे देणारी यंत्रे यांबाबतचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. अशा कामांवरच्या माणसांचे हात कमी दिसतात आणि टेबलावर काम करणाऱ्यांची चर्चा जास्त होते, हे बदलायला हवे.

निदान

डॉक्टर मनगट सुमारे एक मिनिट पूर्ण वाकवून ठेवायला सांगतात (फेलन चाचणी), नसेवर हलकेच टिचकी मारतात (टिनेल चाचणी) किंवा बोगद्यावर अंगठ्याने अर्धा मिनिट दाब देतात. मुंग्या आल्या तर चाचणी सूचक ठरते, पण यांपैकी एकही एकटी निर्णायक नाही. नर्व्ह कंडक्शन चाचणीत संदेशाचा वेग मोजतात. दाब किती तीव्र आहे हे तिच्यातून कळते, तरी सौम्य विकारात ती सामान्य येऊ शकते. सोनोग्राफीत बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली नस दिसते. मान वाकवताना त्रास वाढत असेल तर मानेतील दबलेली नस, करंगळीत मुंग्या असतील तर कोपरातील नस, आणि पायही बधिर असतील तर मधुमेहाने नसांना होणारी इजा (मधुमेही चेताविकार) यांचा विचार करावा लागतो. मान आणि मनगट दोन्हीकडे दोष असणेही असामान्य नाही.

निदानाचा इतिहास

मनगटाच्या अस्थिभंगानंतर दबलेल्या या नसेचे वर्णन इंग्लिश शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये केले. १९१३ मध्ये फ्रेंच डॉक्टर प्येर मारी आणि शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनात अस्थिबंधाच्या अलीकडे फुगलेली नस पाहिली आणि अस्थिबंध वेळेत छेदला असता तर अंगठ्याच्या बुडाचे स्नायू वाचले असते का, असा प्रश्न मांडला. उत्तर लगेच स्वीकारले गेले नाही. पुढची काही दशके हाताच्या बधिरतेचे खापर मानेजवळील बरगडीवर आणि तिथल्या नसांवर फोडले जात होते. १९४७ मध्ये लंडनमधील रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लेखन आणि १९५० नंतर जॉर्ज फेलन यांचे काम यांमुळे लक्ष पुन्हा मनगटाकडे वळले.

उपचार

सौम्य आणि मध्यम विकारात पहिला उपाय म्हणजे रात्री बांधायचा मनगटाचा पट्टा. तो मनगट सरळ ठेवणारा हवा. तयार पट्ट्यांपैकी बऱ्याच पट्ट्यांतील धातूची पट्टी मनगट मागे झुकलेल्या स्थितीत धरते; ती वाकवून सरळ करून घ्यावी, नाहीतर पट्टाच दाब वाढवतो. बोटे मोकळी राहावीत आणि पट्टा घट्ट आवळलेला नसावा. किमान सहा आठवडे रोज वापरल्याशिवाय गुण आला की नाही हे ठरवू नये. दिवसा अवजाराची मूठ थोडी जाड करणे, पकड सैल ठेवणे, जोराच्या कामात मध्ये विश्रांती घेणे याचा फायदा होतो.

बोगद्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन लवकर आराम देते. सहा आठवड्यांच्या टप्प्यावर ते पट्ट्यापेक्षा सरस ठरते. हा आराम अनेकांत काही महिन्यांनी ओसरतो. मधुमेहींची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते. साध्या वेदनाशामक गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे आणि बी-६ जीवनसत्त्व यांचा या विकारात ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास उलट नसांनाच इजा होते, म्हणून ते आपल्या मनाने घेऊ नये.

बधिरता कायम राहिली, स्नायू झिजू लागले किंवा इतर उपाय थकले की शस्त्रक्रिया करतात. त्या जागेपुरती भूल देऊन आडवा अस्थिबंध छेदतात आणि बोगदा मोकळा होतो. उघडी आणि दुर्बिणीतून अशा दोन पद्धती आहेत. दुर्बिणीनंतर माणूस कामावर थोडा लवकर परततो, पण दीर्घकालीन निकाल सारखेच असतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो, बोटांची हालचाल लगेच सुरू करतो आणि टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. रात्रीच्या मुंग्या अनेकदा काही दिवसांतच थांबतात. तळव्याच्या बुडाशी दुखरेपणा मात्र काही आठवडे ते काही महिने राहतो, आणि पकडीतला जोर परतायला दोन-तीन महिने लागतात. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो. दीर्घकाळची बधिरता हळूहळू, काहींत अर्धवटच, कमी होते आणि पूर्ण झिजलेला स्नायू बहुधा पुन्हा भरत नाही.

मनगटाला मोठी दुखापत झाल्यानंतर काही तासांत बोटे बधिर होत गेली आणि वेदना वाढत राहिली, तर तो तातडीचा प्रसंग असतो. अशा वेळी पट्टा बांधून वाट पाहत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण नस वाचवण्यासाठी बोगदा तातडीने मोकळा करावा लागू शकतो.