न्यू जर्सीतली २ टक्क्यांची मर्यादा आणि शाळांची तूट

न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर सर्वांत जड ओळ शाळेची असते. राज्यभराचा हिशेब धरला तर निम्म्याहून जास्त. एडिसन परिसरातल्या मराठी घरांना फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे चार हप्ते तोंडपाठ असतात.

शाळांचा खर्च गावाच्या घरपट्टीवर सोडता येणार नाही, हा वाद तिथे जुना आहे. १९७६ च्या जुलैत न्यायालयाने राज्यातल्या शाळाच बंद करायला लावल्या, तेव्हा कुठे राज्याचा आयकर आला. २००८ साली राज्याने शाळांना द्यायच्या मदतीच्या वाटपाचं सूत्र ठरलं, पण ते पुरतं पाळलं गेलं नाही.

कळीचं वर्ष २०१०. राज्याने शाळांच्या मदतीतून सुमारे ८२ कोटी डॉलर कापले, एप्रिलमध्ये मतदारांनी निम्म्याहून अधिक शाळांची अंदाजपत्रकं फेटाळली आणि जुलैत करवाढीवरची ४ टक्क्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणणारा कायदा झाला.

ही मर्यादा नेमकी कशावर, यातच सगळा घोळ आहे. अनेकांना वाटतं, आपलं बिल २ टक्क्यांहून जास्त वाढणार नाही. तसं नाही. मर्यादा आहे ती लेव्हीवर, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) सगळ्या घरमालकांकडून मिळून जी रक्कम गोळा करतं तिच्यावर. फेरमूल्यांकनात तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त चढली, तर तुमचा वाटा त्याहून कितीतरी वाढू शकतो. शिवाय कर्जफेड, आरोग्यविम्याच्या खर्चातली मोठी वाढ, पटसंख्येतली वाढ यांना सवलत आहे आणि न वापरलेली वाढ तीन वर्षं राखून ठेवता येते.

राज्याची मदत घटली तर मात्र सहसा सवलत नाही. समजा, अंदाजपत्रक १० कोटी डॉलरचं आहे. ६ कोटी स्थानिक कर, ४ कोटी राज्याचे. मदत १० टक्क्यांनी घटली की ४० लाख गेले. कर वाढवायची मुभा १२ लाखांची. उरलेले २८ लाख शिक्षक, बस आणि वाचनालय यांतूनच निघतात, आणि पगारवाढ यात अजून धरलेलीच नाही. मर्यादा ओलांडायला मतदारांची वेगळी मंजुरी लागते. २०१२ पासून बहुतेक ठिकाणी शाळांची निवडणूक नोव्हेंबरमध्ये गेली, म्हणजे तो प्रश्न मतदारांपुढे येतो तोवर शालेय वर्षाचे चार महिने उलटलेले असतात.

२०१८ च्या कायद्याने ही कात्री धारदार केली. सूत्रापेक्षा जास्त मदत मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टची रक्कम सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायची ठरली. इतकी वर्षं कमी मदतीवर भागवणाऱ्या गावांना न्याय मिळाला, हे खरंच. पण राज्याने हात आखडता घेतला तेव्हा बहुतेक गावांचेही हात बांधलेलेच ठेवले, आणि ही चूक साधी नव्हती. ती मान्य व्हायला २०२४ उजाडलं. त्या वर्षी मदत घटलेल्या डिस्ट्रिक्टना कपातीचा काही हिस्सा परत देण्यात आला आणि मतदानाशिवाय ९.९ टक्क्यांपर्यंत कर वाढवायची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी मदतीतली घटच ३ टक्क्यांवर रोखण्यात आली.