रक्ताला उजेड दाखवायची ट्रीटमेंट नेमकी आली कुठून

जळगाव, धुळ्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसायचं हे घरोघरी ऐकलेलं आहे, त्यामुळे ते परत सांगत नाही. बावची या औषधी झाडातलं सोरालेन, म्हणजे उजेड पडला की काम करणारं द्रव्य, तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आपलंच रक्त बाहेर काढायचं, अल्ट्राव्हायोलेट लाइटसमोरून न्यायचं आणि परत शिरेत सोडायचं, हे १९२८ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला सुरू झालं. साधी काच हा लाइट अडवते म्हणून क्वार्ट्झची डबी वापरली. आधी कुत्र्यांवर करून बघितलं होतं, सगळं रक्त लाइटखालून काढलं तर कुत्री मेली, म्हणून मग माणसात थोडंच रक्त घ्यायचं ठरलं. तेव्हा पेनिसिलीन बाजारात नव्हतं, रक्तात इन्फेक्शन पसरलं की माणूस हातचा जायचा, त्यामुळे चाळीसच्या दशकात बऱ्याच हॉस्पिटलांनी हे वापरलं यात मला काही नवल वाटत नाही. १९५२ मध्ये ६८ पेशंटांचा अभ्यास छापून आला, फायदा दिसला नाही असा, आणि तोवर अँटिबायोटिक्सही आली होती. समर्थक अजून म्हणतात की तो अभ्यास नीट झाला नाही. असेल, पण मग त्यानंतरच्या सत्तर वर्षांत भक्कम पुरावा उभा राहायला हवा होता, तो राहिला नाही. जर्मनी आणि सोव्हिएत रशियात मात्र हे चालूच राहिलं, आणि ऐंशीच्या दशकात रशियात शिरेत बारीक फायबर घालून लेझर सोडायची पद्धतही निघाली.

खरा घोळ शब्दांचा आहे. फोटोफेरेसिस नावाची एक मान्य ट्रीटमेंट आहे, १९८७ मध्ये तिचे रिझल्ट आले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली, तीही कातडीच्या एका ठराविक कॅन्सरसाठी. तिच्यात फक्त पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यात बावचीतल्या सोरालेनच्याच कुळातलं औषध मिसळतात, मग अल्ट्राव्हायोलेट-ए हा अल्ट्राव्हायोलेटचाच एक प्रकार देतात आणि पेशी परत सोडतात. औषधाशिवाय ती ट्रीटमेंटच नाही! सिअ‍ॅटलच्या पद्धतीत औषध नव्हतं, लाइट वेगळा, दावेही भलतेच मोठे. तरी जाहिरातवाले फोटोफेरेसिसचे रिझल्ट उचलून दुसऱ्याच मशीनखाली लावतात, आणि 'रक्तावर लाइट' एवढंच ऐकलेल्या माणसाला फरक कळणार कसा.

मनगटावर बांधायचं लाल लेझरचं घड्याळ तर त्याहून लांबचं, ते 'रक्तशुद्धी'च्या नावाने विकतात, पण रशियातला लेझर शिरेच्या आत होता आणि हा कातडीच्या वरून. मला राग येतो तो इथे, कारण नंदुरबारकडे सातपुड्यात सिकलसेलचे पेशंट आहेत, त्यात दोष हिमोग्लोबिनच्या जनुकातच असतो, रक्त 'घाण' झालेलं नसतं, आणि तिथल्या आईबापाला कोणी शुद्धीचं घड्याळ दाखवलं तर सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मागे पडतात.

ब्लड बँकेच्या पिशवीवर 'इरॅडिएटेड' लिहिलेलं असतं ते पण यातलं काहीच नाही. ती दुसऱ्याच्या रक्ताची पिशवी, तिला गॅमा किंवा एक्स-रे दिलेले असतात, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी कमजोर पेशंटच्या अंगात वाढून त्याच्यावरच उलटू नयेत.